तोरणमाळच्या कड्यावर वारा मोजायला

आषाढात लोक तोरणमाळला धबधबे बघायला जातात. आम्ही गेलो वारा मोजायला. आम्ही म्हणजे मी आणि माझा शालक. सोबत धुळ्याहून निघालेली एक मोटरसायकल आणि दोन-अडीच हजारांचं, तळहाताएवढं वारा मोजायचं यंत्र. म्हसावदला चहा घेताना ते टेबलावर ठेवलं, तर शेजारच्या म्हाताऱ्या बाबांनी उचलून पंख्यावर फुंकर मारली आणि म्हणाले, "वारा मोजीसन काय करशी भो?" याला धड उत्तर माझ्याकडे नव्हतं. चहा मात्र त्यांनीच पाजला.

खरं कारण वेडेपणाचंच आहे. अमेरिकेतल्या माउंट वॉशिंग्टन शिखरावर, 1,917 मीटर उंचीवर एक वेधशाळा आहे. तिथे 12 एप्रिल 1934 रोजी ताशी 372 किलोमीटरचा झोत मोजला गेला. वेधशाळा तेव्हा एका लाकडी घरात होती आणि ते घर साखळदंडांनी डोंगराला बांधलेलं होतं. त्या पहाटे छपरावरच्या यंत्रावर बर्फ चढला, म्हणून एक निरीक्षक हातात लाकडी दंडुका घेऊन शिडीने वर गेला आणि बर्फ ठोकून आला. पुढे यंत्राचे ठोके स्टॉपवॉचवर मोजून आकडा काढला. हा जागतिक उच्चांक कितीतरी वर्षं टिकला. ऑस्ट्रेलियाच्या बॅरो बेटावर 1996 साली ऑलिव्हिया चक्रीवादळात ताशी 408 किलोमीटरची नोंद झाली होती, पण जागतिक हवामान संघटनेने ती मान्य केली 2010 मध्ये. हे सगळं वाचल्यापासून आपल्या खान्देशातला डोंगरवारा किती भरतो, हे मला बघायचं होतं.

शहाद्याहून तोरणमाळ पन्नासेक किलोमीटर. पेट्रोल शहाद्यातच भरा. सातपायरीचा घाट दुपारच्या आत चढा. नंतर धुकं इतकं उतरतं की पुढच्या वळणावरची एसटी आधी ऐकू येते आणि मग दिसते. रेल्वेने येणाऱ्यांना नंदुरबार किंवा दोंडाईचा. परतीच्या एसटीची वेळ चढतानाच कंडक्टरला विचारून ठेवा.

गावात पोचलो तेव्हा यशवंत तलावावर बारीक लाटा धावत होत्या. तलावाकाठी ताशी 20 ते 25 किलोमीटर, अधूनमधून 35. शालकाने लगेच छत्री उघडून बघितली. छत्री सावरणं अवघड झालं की वारा चाळिशीत गेला असं समजायचं. वाऱ्याचा जोर पायऱ्यांनी सांगणाऱ्या ब्यूफोर्टच्या मापात ही सहावी पायरी, ताशी 39 ते 49. यंत्र नसेल तर छत्री न्या, ती खोटं बोलत नाही.

खरी मजा सीताखाईच्या काठावर. सुमारे 1,150 मीटर उंचीचं पठार अचानक संपतं आणि दरीतला वारा खालून वर येऊन तोंडावर आपटतो. पावसाचे थेंब हनुवटीवर खालून लागतात. मी यंत्र धरलं, आकडा आला 38. दोन पावलं मागे सरलो तर 54! आधी काहीच कळेना. मग लक्षात आलं की या यंत्राचा पंखा समोरून येणारा वाराच नीट मोजतो. काठावर वारा तिरपा, वरच्या दिशेने होता आणि पंखा सरळ धरलेला. यंत्र वाऱ्याकडे झुकवलं तसा आकडा चढला. वाट्यांचं यंत्र असतं तर वेगळीच गंमत. आडवा वारा कुठूनही आला तरी त्या वाट्या फिरतात, पण खालून आलेल्या वाऱ्याने त्यांचंही गणित बिघडतं. मोठ्या आकड्यासाठी अगदी काठाशी जाण्यात म्हणूनच अर्थ नाही. शेवाळलेला खडक आणि त्यात झोत, दहा पावलं मागे थांबा.

तेवढ्यात आमचा पराक्रम झाला. एका झोताबरोबर ओलं यंत्र हातातून निसटलं. मनगटाला दोरी होती म्हणून दरीत गेलं नाही. वर ओढून बघतो तो 'कमाल' या खान्यात 96! मी नाचायचाच बाकी होतो. शालक शांतपणे म्हणाला, "दाजी, तो वारा नाही, तुमची दोरी आहे." दोरीला लटकून यंत्र गरागरा फिरलं, तोच वेग त्याने वारा म्हणून नोंदवला. मुक्कामाच्या खोलीत दारं लावून फिरवून बघितलं तर तिथेही 40 आले. 96 खोडला. दिवसाचा सर्वांत मोठा, खरा वाटणारा झोत राहिला 62.

आता 62 आणि 372 शेजारी ठेवा. वेग सहा पट, पण वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे हवेची घनता तीच धरली तर छत्तीस पट. 62 च्या झोतात दर चौरस मीटरला साधारण 16 किलोचा रेटा येतो; मला एक पाय मागे टाकून उभं राहावं लागलं. याच्या छत्तीस पट म्हणजे साडेपाचशे किलोच्या वर. दंडुका घेऊन शिडी चढलेल्या त्या माणसाला हात जोडावेसे वाटले. आता माउंट वॉशिंग्टनवर फिरणाऱ्या भागांऐवजी तापवलेली पिटो नळी वापरतात. ती वाऱ्याचा दाब मोजते आणि त्यावरून वेग निघतो. थंडीत तिथले निरीक्षक बाकीच्या साधनांवरचा बर्फ अजूनही हाताने फोडतात.

तुम्ही जाणार असाल तर यंत्र हात लांब करून, अंगाच्या बाजूला धरा. पाठीमागे किंवा पोटासमोर धरलं की आपणच आडोसा होतो. झाडाच्या किंवा भिंतीच्या उंचीच्या दहा पट लांब उभे राहा. दहा मिनिटांची सरासरी आणि तीन सेकंदांचा झोत वेगवेगळे लिहा. गप्पांत लोक दुसराच सांगतात, हवामानखात्याच्या अहवालात वारा म्हणजे काही मिनिटांची सरासरी. खात्याचं मोजमाप दहा मीटर उंचीवरचं. सपाट माळावर हातातल्या आकड्याला सव्वा ते दीडपट केलं की अंदाज येतो, पण कड्यावर हे गणित लावू नका. तिथे वारा जमिनीलगतच दबून वेगाने जातो. वीज कडाडायला लागली की काठी, पाईप, छत्री सगळं आवरून खाली.

आणि निघायच्या आधी यंत्र तपासा. वारा पडलेला असताना पहाटे मोकळ्या रस्त्यावर मागे बसलेल्याने यंत्र बाजूला धरायचं, गाडी चाळीसवर ठेवायची, जाताना आणि येताना दोन्ही आकडे घेऊन सरासरी काढायची. गाडीचा काटा थोडा जास्तच दाखवतो, तेवढं धरून चाला. आम्ही हे परतताना केलं. पावसात भिजलेला पंखा तोवर कुरकुरायला लागला होता. काटा चाळीसवर आणि यंत्र म्हणे 29. म्हणजे दुसऱ्या दिवशी कड्यावर घेतलेले सगळे आकडे वहीतून बाद. शहाद्यात शेवभाजी खाता खाता तेवढी दोन पानं खोडली. बाबांना सांगायला म्हसावदला थांबलो होतो, पण त्या दिवशी ते आले नव्हते.