मागणीपत्रातील एक ओळ

गळीत हंगाम संपला की ओव्हरहॉलिंगची कामे सुरू होतात आणि प्रत्येक विभागाची मागणीपत्रे स्टोअरकडे जाऊ लागतात. कोल्हापूर जिल्ह्यातील ज्या साखर कारखान्यात मी इन्स्ट्रुमेंट विभाग सांभाळतो, तेथील जुन्या फायली चाळताना एक मागणीपत्र हाती लागले. त्यावर एवढेच लिहिले होते : ‘प्रेशर गेज, 0 ते 40, सहा इंची, नग 12’. हे बारा गेज, म्हणजे काट्याने दाब दाखवणारी उपकरणे, कुठे बसणार, त्यांत वाफ येणार की रस, पाइप हादरतो की स्थिर असतो, यांपैकी एकही गोष्ट त्या ओळीत नव्हती. स्टोअरने कमीत कमी दराचे कोटेशन पाहून माल आणला आणि त्यातील दोन गेज पुढच्या हंगामात एक्झॉस्ट वाफेच्या, म्हणजे टर्बाइनमध्ये काम करून बाहेर पडलेल्या वाफेच्या, लाइनवर बसले, जेथे दाब दर चौरस सेंटिमीटरला दीड किलोच्या आसपास असतो.

चाळीसच्या डायलवर दीड किलो म्हणजे काटा शून्याच्या खिळ्यापासून जेमतेम दहा अंश सरकतो. त्यात गेजचा अचूकता-वर्ग 1.6 असेल, तर चूक वाचनाच्या नव्हे, पूर्ण श्रेणीच्या 1.6 टक्के धरायची असते. म्हणजे चाळीसच्या गेजमध्ये 0.64 किलो इकडे किंवा तिकडे. काटा दीडवर असताना खरा दाब 0.86 असू शकतो आणि 2.14 सुद्धा, आणि तरीही गेज नियमाप्रमाणे ‘बरोबर’च ठरतो. इव्हॅपोरेटरच्या, म्हणजे रस आटवणाऱ्या संचाच्या, पहिल्या बॉडीसाठी (भांड्यासाठी) हा फरक किरकोळ नाही, कारण दीड किलोची संपृक्त वाफ साधारण 126 अंशांची असते आणि 0.86 किलोची 117 अंशांची. त्याच जागी 0 ते 2.5 चा त्याच वर्गाचा गेज लावला, तर चूक 0.04 किलोवर येते आणि काटाही डायलच्या मध्याच्या थोडा पुढे, म्हणजे जेथे तो असायला हवा तेथेच राहतो. पैसे तेवढेच लागतात.

दाब स्थिर असेल तर नेहमीचे वाचन श्रेणीच्या तीन-चतुर्थांशाच्या आत आणि दाब सतत खाली-वर होत असेल तर दोन-तृतीयांशाच्या आत राहावे, हा सर्वसाधारण संकेत आहे. बॉयलरवरचा गेज मात्र कामाच्या दाबाच्या दीडपट ते दुपटीच्या दरम्यानच्या श्रेणीचा घेतात आणि कामाच्या दाबावर लाल रेघ मारतात. तो गेज बॉयलरच्या माथ्यावरील वाफेच्या ड्रमपेक्षा बारा मीटर खाली, ऑपरेटिंग फ्लोअरवर लावला असेल, तर मधल्या नळीतील पाण्याच्या वजनाने तो सुमारे 1.2 किलो जास्त दाखवतो. ती दुरुस्ती काट्यात करून घ्यावी लागते आणि तशी ती केली आहे हे डायलजवळ लिहूनही ठेवावे लागते. नाहीतर पुढचा कोणीतरी हुशार माणूस बेंचवर गेज तपासतो, ‘शून्य चुकले आहे’ असे म्हणतो आणि काटा पुन्हा सरळ करून टाकतो.

यूजीन बूर्दाँ या फ्रेंच कारागिराने 1849 साली ज्या वाकड्या, चपट्या नळीचे पेटंट घेतले, तीच नळी आजही बहुतेक गेजच्या पोटात आहे. दाब वाढला की ती किंचित उलगडते आणि दातेरी चक्रामार्फत काटा फिरवते. या नळीला गरम वाफ सोसत नाही, म्हणून वाफेच्या लाइनवर गेजखाली सायफन, म्हणजे डुकराच्या शेपटीसारखी वेटोळी नळी, लावतात आणि तिच्यात साचलेले पाणी वाफेला अडवते. आमच्या फिटरांना सायफन माहीत असतो, पण नवा बसवताना त्यात आधी पाणी भरायचे असते हे पुष्कळदा विसरले जाते. कोरड्या सायफनवर कॉक एकदम उघडला, तर वाफेचा पहिला झोत थेट नळीवर जातो आणि गेज पहिल्याच दिवशी कायमचा चढा दाखवू लागतो. मग दोष कंपनीला दिला जातो.

रसाची गोष्ट वेगळी. चुना घातलेल्या रसाच्या पंपावर साधा गेज लावला, तर काही दिवसांत त्याचे बारीक छिद्र गाळाने बुजते आणि काटा जेथे अडकला तेथेच राहतो. पंप बंद केला तरी गेज चार किलो दाखवतो, हे दृश्य मी कितीतरी वेळा पाहिले आहे. अशा जागी डायफ्रॅम सीलचा, म्हणजे पातळ पडद्याने रस आत येऊ न देणारा, गेज महाग वाटला तरी घ्यावा. प्लंजर पंपावर काटा थरथरत असेल, तर ग्लिसरीन भरलेला गेज आणि खाली स्नबर, म्हणजे दाबाचे धक्के मंद करणारा भाग, ही जोडी चांगली. मात्र कमी श्रेणीच्या ग्लिसरीनच्या गेजवरचा रबरी बूच बसवल्यानंतर उघडा करावा लागतो, कारण केस तापली की आत दाब साचतो आणि वाचन बिघडते. सल्फर हाउसमध्ये, म्हणजे गंधक जाळण्याच्या विभागात, पितळ टिकत नाही, तेथे नळी आणि केस दोन्ही स्टेनलेस स्टीलचीच हवीत. वर्कशॉपमधील ऑक्सिजनचा गेज तर तेलाच्या डेड वेट टेस्टरवर, म्हणजे वजने ठेवून गेज तपासण्याच्या यंत्रावर, कधीही तपासू नये, कारण आत राहिलेल्या तेलाचा थेंब शुद्ध ऑक्सिजनमध्ये पेट घेऊ शकतो.

थर्मामीटरने मात्र मला स्वतःलाच फसवले. गंधकाची प्रक्रिया झालेला रस दुसऱ्यांदा तापवताना 102 ते 104 अंशांपर्यंत नेतात. आमच्याकडे समुद्रसपाटीपासूनच्या उंचीमुळे पाणी 98 अंशांच्या आसपास उकळते, त्यामुळे या तापमानाचा रस फ्लॅश टँकमध्ये आला की उसळतो, त्यातील हवा निघून जाते आणि गाळ क्लॅरिफायरमध्ये, म्हणजे रस निवळण्याच्या टाकीत, नीट खाली बसतो. एका हंगामात डायल रोज 103 दाखवत होता, गाळही बसत होता, पण निवळलेल्या रसाचा रंग चढलेला यायचा. चुना, गंधक, पीएच, सगळे तपासून झाल्यावर मी प्रयोगशाळेतील थर्मामीटर घेऊन गेलो, तेव्हा रस 109 अंशांवर होता. कारण साधे होते. मोठ्या पाइपवर आम्ही आखूड दांड्याचा बायमेटल (दोन धातूंच्या पट्टीवर चालणारा) थर्मामीटर लावला होता. दांडा पाइपच्या भिंतीपलीकडे कसाबसा दोन बोटे जात होता आणि थर्मोवेलच्या, म्हणजे दांडा ज्यात बसतो त्या बंद टोकाच्या नळीच्या, आत कोरडी हवा होती, त्यामुळे दांड्यातून बाहेर जाणारी उष्णता वाचन खाली ओढत होती. ऑपरेटर प्रामाणिकपणे 103 राखत होता. त्या मागणीपत्रात ‘डायल थर्मामीटर, 0 ते 150’ एवढेच लिहिले होते, आणि खाली सही माझी होती.

आता दांड्याची लांबी मी पाइपचा व्यास आणि थर्मोवेलच्या सॉकेटची उंची मोजून, टोक प्रवाहाच्या मध्याजवळ पोहोचेल अशी ठरवतो आणि वेलमध्ये उष्णता वाहून नेणारी पेस्ट भरायला सांगतो. थर्मोवेल हवाच, कारण तो नसेल तर हंगाम चालू असताना थर्मामीटर बदलताच येत नाही.

सर्वांत जास्त वाद होतो तो व्हॅक्युम पॅनच्या, म्हणजे कमी दाबाखाली साखरेचे दाणे तयार करणाऱ्या भांड्याच्या, गेजवरून. बाहेरच्या हवेपेक्षा आतला दाब किती कमी आहे ते हा गेज दाखवतो. डायलवर 760 मिलिमीटरपर्यंत आकडे असतात म्हणून नवखे लोक ‘आपला व्हॅक्युम 700 च्या वर का जात नाही’ असे विचारतात. साडेपाचशे मीटर उंचीवर हवेचाच दाब 712 च्या आसपास असतो, त्यामुळे 620 चे वाचन म्हणजे पॅनमध्ये सुमारे 92 मिलिमीटर दाब शिल्लक, आणि त्या दाबाला पाणी साधारण 50 अंशांना उकळते. गेजमध्ये 20 मिलिमीटरची चूक असेल, तर उत्कलनबिंदू जवळजवळ चार अंशांनी सरकतो, आणि चार अंशांचा फरक पॅनमनला दाण्यात दिसतो. शक्य असेल तेथे मी निरपेक्ष दाबाचा, म्हणजे बाहेरच्या हवेवर अवलंबून न राहता शिल्लक दाबच दाखवणारा, गेज मागतो, तो मिळाला नाही तर 1.0 वर्गाचा व्हॅक्युम गेज, दीडशे मिलिमीटर डायलचा, म्हणजे पॅनमनला आपल्या जागेवरून वाचता येतो.

यंदाच्या मागणीपत्रात पॅनच्या गेजसाठी श्रेणी, वर्ग, डायल, जोडणीचा आटा, नळीचा धातू आणि बसवण्याची जागा असे सगळे लिहून दिले आहे. स्टोअरकीपरने ते परत पाठवले आणि वर पेन्सिलीने लिहिले, ‘रकाना पुरत नाही, वेगळा कागद जोडावा.’ तो कागद मी काल जोडला.