व्हिटॅमिन डी शंभराच्या वर, तरी हाडं मऊ

हाडांच्या घनतेवरच्या आमच्या अभ्यासात आलेल्या या बाई साठीच्या. मांड्या आणि कंबर सतत दुखत, खुर्चीतून उठायला हाताचा आधार लागे. डेक्सा तपासणीत (क्ष-किरणांनी हाडांची घनता मोजतात ती) मणक्याचा टी-स्कोअर, म्हणजे निरोगी तरुण हाडाच्या तुलनेतला आकडा, उणे 3.1, म्हणजे घनता बरीच कमी. एवढ्यावरून डी कमी असणार, असं कुणीही म्हणेल. पण रिपोर्टात 25-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी (रक्तात मोजतात ते डीचं रूप) 100 नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या वर आणि पीटीएच, म्हणजे रक्तातलं कॅल्शियम वाढवणारं आणि फॉस्फेट उतरवणारं संप्रेरक, फक्त 8 पिकोग्रॅम. दोन्ही आकडे एकमेकांना दुजोरा देत होते: डीचा अतिरेक, म्हणून पीटीएच दबलेलं. फाइलवर 'डी आणि कॅल्शियम बंद' असा शेराही पडला होता.

मला खटकलं ते बाकीचं रसायन. डीची विषबाधा असेल तर रक्तातलं कॅल्शियम चढतं आणि लघवीतूनही भरपूर जातं. इथे कॅल्शियम 8.3 मिलिग्रॅम आणि फॉस्फेट 2.0, दोन्ही कमी, अल्कलाइन फॉस्फेटेज (हाड घडवणाऱ्या पेशींतलं एन्झाइम) 310, म्हणजे चढलेलं, आणि चोवीस तासांच्या लघवीत कॅल्शियम जेमतेम 40 मिलिग्रॅम. हे चित्र ऑस्टिओमलेशियाचं, म्हणजे डीच्या अभावी खनिज न भरल्याने हाडं मऊ पडण्याचं. पीटीएच खरंच दबलेलं असतं तर फॉस्फेट चढलं असतं, उतरलं नसतं.

नमुन्यांची अदलाबदल झाली असेल म्हणून नवं रक्त घेतलं, आकडे तसेच. मग गोळ्यांची चौकशी. फॉर्मवर 'कोणतंही औषध नाही' असं होतं, कारण केसांच्या गोळीला कुणी औषध म्हणत नाही. तिच्यात बायोटिन हे ब गटातलं जीवनसत्त्व होतं, रोज 10,000 मायक्रोग्रॅम. शरीराची गरज साधारण 30.

डी आणि पीटीएच ज्या यंत्रावर मोजलं, त्यावरची तपासणी बायोटिन आणि स्ट्रेप्टाव्हिडिन हे प्रथिन यांच्या घट्ट पकडीवर चालते. चुंबकीय कणांवर स्ट्रेप्टाव्हिडिन असतं, त्याला बायोटिन जोडलेला रीएजंट (तपासणीचं रसायन) चिकटतो, आणि धुतल्यावर कणांवर जे उरतं त्याचा प्रकाश मोजला जातो. रक्तातच बायोटिन मुबलक असेल तर ते या जागा अडवतं, रीएजंट धुऊन जातो, प्रकाश घटतो. डीची तपासणी स्पर्धात्मक, म्हणजे रक्तातला डी रीएजंटशी जागेसाठी झगडतो, म्हणून तिथे कमी प्रकाशाचा अर्थ जास्त डी. पीटीएचची सँडविच पद्धतीची, म्हणजे पीटीएच दोन रीएजंटांच्या मध्ये पकडलं जातं, म्हणून तिथे कमी प्रकाशाचा अर्थ कमी पीटीएच. कारण एकच, चुका दोन, त्याही उलट दिशांच्या, आणि दोन्ही मिळून अगदी पटण्यासारखं निदान! कॅल्शियम-फॉस्फेटच्या, रंगावरून मोजायच्या स्वस्त चाचण्यांमध्ये ही पकडच नसते, म्हणून त्या खरं बोलत होत्या.

गोळी बंद करून तीन दिवसांनी पुन्हा रक्त घेतलं. (मूत्रपिंड अधू असेल तर एवढा अवधी पुरत नाही.) डी या वेळी मास स्पेक्ट्रोमेट्रीवर मोजलं, म्हणजे रेणूंच्या वजनावरून, बायोटिनच्या पकडीशिवाय. त्यात इंटर्नल स्टँडर्ड, म्हणजे ड्यूटेरियम (जड हायड्रोजन) घातलेला, ठरलेल्या मापाचा डी, सीरममध्ये (रक्ताच्या पातळ भागात) आधी मिसळून थोडा वेळ मुरू द्यायचं आणि मगच ॲसिटोनायट्राइलने प्रथिनं खाली बसवायची. नंतर घातलं तर त्या पायरीवर वाया गेलेला डी हिशेबात येत नाही आणि आकडा खोटाच कमी दिसतो. उत्तर आलं 6 नॅनोग्रॅम, म्हणजे अगदीच कमी. जुन्या नळीतलं उरलेलं सीरमही लावलं, तेही 6. पीटीएच 218, म्हणजे खूप चढलेलं.

टी-स्कोअर पाहून झोलेड्रोनिक ॲसिडचं (हाडांची झीज रोखणाऱ्या औषधाचं) इंजेक्शन ठरलं होतं, ते आधी थांबवलं. डेक्सा फक्त खनिज मोजतं. हाड विरळ आहे की मऊ, हे त्याला कळत नाही. डी नसताना हे इंजेक्शन दिलं, तर हाडांतून सुटणारं कॅल्शियमही थांबतं, रक्तातली पातळी कोसळते आणि पेटके, क्वचित आकडीही येते.

डी आणि कॅल्शियम सुरू केल्यावर अल्कलाइन फॉस्फेटेज आधी आणखी चढलं. साचलेलं मऊ ऑस्टिऑइड (खनिज न भरलेलं कच्चं हाड) खनिज धरू लागलं की असं होतं. औषध थांबवायचं ते कारण नव्हे. नजर ठेवायची ती लघवीतल्या कॅल्शियमवर. ते वाढू लागलं की हाडांची भूक भागत आली असं समजायचं आणि मात्रा उतरवायची.