बुढ्याच्या पेटीतले शेअर

दारव्ह्याला माझं ऑफिस आहे. इन्कम टॅक्स, डिमॅट म्हणजे शेअर ठेवायचं खातं, एसआयपी, जे येईल ते करतो. तालुक्याच्या गावी शेअरचं काम म्हणजे बहुतेक ऑप्शनमध्ये, म्हणजे भावाच्या सट्ट्यात, पैसे घालवलेली पोरं, अन मागाहून त्यांचे बाप, हे खातं बंद कसं करायचं विचारायला. म्हणून जून २०२५ मध्ये ऐन पेरणीच्या धावपळीत एक पन्नाशीचा माणूस प्लास्टिकच्या थैलीत पिवळे पडलेले कागद घेऊन आला तेव्हा वाटलं, हाही पोराचंच काही निस्तरायला आला असेल.

"भाऊ, हे पाहून सांगा बरं, रद्दी हाय का कामाचं हाय. बायको म्हनते पेटी रिकामी करा."

बाप कापूस पणन महासंघात ग्रेडर होता, एकाधिकार खरेदी होती त्या काळात. सीझन संपला की नागपूरला जायचा, तिथे ओळखीचा कोणी ब्रोकर होता, त्याच्याकडून थोडे थोडे शेअर घ्यायचा, घरात कोणाला पत्ता नाही. २००८ च्या पावसाळ्यात वारला, आई त्याच्या आधीच गेली होती, अन पेटी तशीच माळ्यावर राहिली.

थैलीत सगळ्यात वर सागवान लागवडवाल्या एका कंपनीचं सर्टिफिकेट, झाडाचं चित्र वगैरे छापलेलं. त्याखाली दोन फायनान्स कंपन्या अन एक कोणती तरी केमिकलवाली. १९९४-९५ च्या सुमारास पब्लिक इश्यूचा, म्हणजे कंपन्यांनी लोकांना नवे शेअर विकण्याचा, जो पूर आला होता ना, त्यातलं हे सगळं. त्यातल्या कितीतरी कंपन्या पैसे गोळा करून पत्त्यासकट गायब झाल्या, सरकारला अशा गायब कंपन्यांची यादीच करावी लागली होती. मी ते कागद बाजूला ठेवले अन म्हटलं काका, हे चुलीत घाला. तर खाली रिलायन्स इंडस्ट्रीजचे १०० शेअर निघाले, त्याला टाचणीने लावलेला १९९७ च्या बोनसचा, म्हणजे कंपनीने फुकट दिलेल्या शेअरचा, अजून १०० चा कागद, अन एक डायरी. डायरीत बारीक अक्षरात १९९५ ची नोंद, रिलायन्स १००, एकूण २६ हजार अन वर काही रुपये.

"म्हंजे दोनशे हायेत," तो म्हणाला.

मी कॅल्क्युलेटर घेतला नाही, पाठच आहे मला हे. २०० वर २००९ ला एकास एक बोनस, म्हणजे जितके होते तितकेच अजून, झाले ४००. २०१७ ला परत, ८००. ऑक्टोबर २०२४ ला परत, १,६००. मधात २०२३ ला जिओ फायनान्शियल वेगळी झाली तेव्हा एका शेअरमागे एक मिळाला, म्हणजे तिचे ८००. त्या दिवशी रिलायन्सचा भाव चौदाशेच्या वर होता अन जिओचा तीनशेच्या आसपास. पंचवीस लाखाच्या जवळपास होतात काका, मी म्हटलं. तो काहीच बोलला नाही, पाण्याचा ग्लास उचलला, परत ठेवला, मग म्हणाला, "काहून मजाक करता बाप्पा."

मजाक नव्हती पण पैसे हातातही नव्हते. पेटीत डिव्हिडंडचे, म्हणजे कंपनी नफ्यातून वाटते त्या पैशाचे, वॉरंटही होते, न वटवलेले, कारण बाप गेल्यावर ते चेक कशाचे हेच घरात कोणाला कळलं नाही, मग घर बदललं अन टपाल यायचंही बंद झालं. सलग सात वर्षं डिव्हिडंड कोणी घेतला नाही की कंपनीला ते शेअर आयईपीएफ म्हणजे सरकारच्या गुंतवणूकदार निधीकडे द्यावे लागतात, बोनस होतो तोही तिकडेच जमा होत राहतो. वेबसाइटवर फोलिओ नंबर टाकला तर बुढ्याचं नाव निघालं. परत मिळतात, पण आयईपीएफ-५ फॉर्म, कंपनीच्या शेअरची नोंद ठेवणाऱ्या रजिस्ट्रारकडून खातरजमा, अन कागदी शेअर पाच लाखाच्या वरचे असले की कोर्टाचा वारस दाखला किंवा मृत्युपत्र. सर्टिफिकेटवर नाव भाऊरावजी, मृत्यूच्या दाखल्यावर भाऊराव, त्याचं अॅफिडेव्हिट वेगळं. (या फॉर्मला सरकारची फी काहीच नाही, पण आजकाल फोन येतात, तुमचे शेअर काढून देतो, वीस टक्के द्या. त्यांना ओळख पण दाखवू नका.)

तेवढ्यात बाहेर झेरॉक्सला आलेले दोघं आत येऊन उभे राहिले, असं काही गावात लपत नाही. त्यातला एक म्हणाला पाहा, एकच कंपनी धरून बसा, आयुष्याचं सोनं होते. मला ही गोष्ट पटत नाही. थैलीत अजून कागद होते अन ते मी मुद्दाम त्यांच्यासमोर काढले. २००६ ला अंबानी भावांची वाटणी झाली तेव्हा रिलायन्सच्या प्रत्येक शेअरमागे धाकट्याच्या कंपन्यांचे शेअर मिळाले होते. दोनशेवर आरकॉमचे, म्हणजे मोबाइलवाल्या रिलायन्स कम्युनिकेशन्सचे, दोनशे, रिलायन्स कॅपिटलचे दहा, अजून चिल्लर. जानेवारी २००८ मध्ये आरकॉम आठशेच्या वर होता, म्हणजे नुसते तेच दीड लाखाच्या वर. डायरीत त्याच महिन्यात बुढ्याने लिहिलेलं, आरकॉम ८००, विकायचे नाही. आरकॉम २०१९ ला दिवाळखोरीत गेली, त्या दिवशी भाव होता दीड-दोन रुपये. कॅपिटल तर शून्य, शेअरवाल्यांच्या हातात काहीच आलं नाही. माणूस तोच, पेटी तीच, न विकण्याचा हट्टही तोच, नावातसुद्धा रिलायन्स, अन एकाचे पंचवीस लाख झाले, एकाचे तीन-चारशे रुपये. सागवानवाल्याचं तर बोलायलाच नको.

अन मुख्य शेअरचंही पाहा. २००८ च्या जानेवारीत जो भाव लागला तो परत दिसायला २०१७ उजाडलं. नऊ वर्षं. बाप जिवंत असता अन मधात पोरीचं लग्न, विहीर, एखादं दुष्काळी साल आलं असतं तर हे शेअर टिकले असते का? टिकले कारण ते कोणाला दिसतच नव्हते. १९९५ च्या २६ हजाराचे पंचवीस लाख, हिशोब केला तर वर्षाला सोळा टक्क्याच्या आसपास बसतो. सेन्सेक्स १९९५ ला तीन हजार तीनशेच्या घरात होता, जून २०२५ ला ऐंशी हजाराच्या वर, म्हणजे वर्षाला अकरा टक्के, अन त्यात कोणती कंपनी बुडेल ही काळजी नाही. तेव्हा तोळा साधारण चार हजार सातशेला होता, तेच २६ हजार सोन्यात घातले असते तर जून २०२५ ला साडेपाच लाख. एफडीत त्याहून बरेच कमी. पंचवीस लाख मोठेच आहेत, नाही म्हणत नाही मी, पण बाकीच्या कागदांचे पैसे कोणीच मोजत नाही ना.

मग वारस विचारले. तो अन एक बहीण, पुसदला दिलेली. "ते सही करून देते, तिचं काई म्हननं नाई राहत," तो पटकन बोलला. मी म्हटलं कोर्टात तिचं नाव येणारच, अर्धा वाटा आहे तिचा, आताच फोन लावा. त्याने लावला, स्पीकरवर, अन आकडा सांगताना आवाज जरा खालीच घेतला. तिकडून बराच वेळ काही नाही, मागे मिक्सर चालू होता तो बंद झाला.

"दादा, तू तुया वाट्याचे इक, बोअर कर, काई कर. माये इकू नको. पैसे घरात आले का माये रायत नाईत, शेअरच राहू दे माया नावानं."

हा माझ्याकडे पाहत होता, मी सांगितलं, तसं करता येतं, कोर्टाच्या दाखल्यात दोघांचे वाटे लिहून घ्या, तुमचे आठशे, ताईचे आठशे, पण दोघांनाही डिमॅट उघडावं लागेल. वडलांच्या शेअरवरून भाऊ-बहिणीचं बोलणं बंद झालेलं मी पाहिलं आहे, इथे तसं काही झालं नाही, निदान त्या दिवशी तरी. उलट तिनेच मला फोनवर घ्यायला लावलं.

"भाऊ, काय काय कागद लागते?"

पॅन, आधार, फोटो, कॅन्सल चेक, मी सांगितलं. नॉमिनी कोण? "पोरगी," ती म्हणाली, नवऱ्याचं नाव घेतलंच नाही. अन मग, "चेक जिल्हा बँकेचा चालते का?" म्हटलं ताई, स्टेट बँकेचा असेल तर तो आणा.