पंधरा दिवसांचा कागद

शुक्रवार, रात्र. शारजा.

आज दोघींना एकदमच सुट्टी मिळाली. आतेनं तुयो तळले. घरच्या सुक्या मासळीचाच वास, खोलीभर पसरला. फिलिपिन्सची लोकं ते व्हिनेगरात बुडवून भाताबरोबर खातात. (आते म्हणजे तागालोगमध्ये, तिच्या भाषेत, ताई. आईला अजून वाटतं, मी कुणा आत्याकडे राहते.)

जेवून तिच्या मोबाईलवर 'दाहास' लावला. १९९५ चा सिनेमा, दिग्दर्शक चितो रोन्यो, नायिका मारिसेल सोरियानो. दाहास म्हणजे बळजबरी, हिंसा. मारकुट्या नवऱ्याच्या हातून सुटू पाहणारी बाई. मध्येच आतेनं मोबाईल पालथा घातला, उठून पाणी प्यायली, मग पुन्हा लावला. मी काही विचारलं नाही.

संपल्यावर मात्र बोलून गेले, "हिनं सरळ घटस्फोट का नाही घेतला?"

"कुठून घेणार? आमच्याकडे तो नाहीच."

माझा विश्वासच बसेना. अमेरिकन अमलात, १९१७ च्या कायद्यानं, व्यभिचाराच्या कारणापुरता का होईना, घटस्फोट मिळत होता. १९५० च्या नागरी संहितेनं तोही गेला. मुस्लिमांसाठी १९७७ पासून वेगळा कायदा आहे. बाकीच्यांनी एक तर लग्न मुळातच बाद होतं हे कोर्टात सिद्ध करायचं, त्यात पैसा जातो, वर्षं जातात. नाही तर कोर्टाच्या परवानगीनं वेगळं राहायचं, पण लग्न कायम. २०२४ च्या मेमध्ये खालच्या सभागृहानं घटस्फोटाचं विधेयक मंजूर केलं, सिनेटमध्ये ते पुढे सरकलं नाही.

मला मारामारीचे सिनेमे बघवत नाहीत. आजही डोळे मिटूनच घेणार होते. पण आतेचं ऐकल्यावर त्या सगळ्या धावपळीचा अर्थच बदलला. जिथं लग्नाची गाठ बहुतेकींसाठी मरणानंच सुटते, तिथं गोष्ट लिहिणारा बाईला पळवणार तरी कुठे? कोर्टाच्या पायरीपर्यंत नेऊन काय दाखवणार?

आतेनं मग कपाटातून प्लास्टिकची पिशवी काढली. आत चार घड्यांचा कागद, घडीवर झिजून फाटायला आलेला. बारांगायचा, म्हणजे त्यांच्या वस्तीच्या पंचायतीचा, संरक्षणाचा हुकूम. २००४ च्या कायद्यानं मिळतो, अर्ज केला त्याच दिवशी. नवऱ्यानं मारायचं नाही, धमकावायचं नाही. मुदत पंधरा दिवस. पुढचं कोर्टातून आणायचं.

ती पहाटे गेली होती, धाकटीला कडेवर घेऊन, पायात दोन वेगळ्या चपला. कॅलेंडरवर रोज एक फुली मारायची, म्हणाली. अकराव्या फुलीला आईच्या गावची बस पकडली. मुली तिथंच आहेत. ती इथं आमच्या वॉर्डात रात्रपाळ्या करते आणि पासपोर्टवर अजून त्याचंच आडनाव आहे.

आपल्याकडे घरातल्या मारहाणीविरुद्ध २००५ चा कायदा आहे, घटस्फोटही आहे. तरी आमच्या वाडीतल्या वहिनी तीनदा माहेरी येऊन तीनदा परत गेल्या, आणि दर वेळी त्यांना पोचवायला आम्हीच गेलो. तिसऱ्या वेळी मी रिक्षात त्यांच्या शेजारी बसले होते. त्यांचा हात माझ्या हातात होता, मी काही बोलले नाही. आज आतेला हे सांगावंसं वाटलं, सांगवलं नाही.

तिनं कागद होता त्याच घड्यांवर मिटला आणि धाकटीला फोन लावला.