कॉफीच्या मुळांतला पाहुणा

सांगोल्याच्या मामेभावाने डाळिंबाच्या मुळांचा फोटो पाठवला. तंतुमुळांवर मोहरीएवढ्या गाठी, एकीला एक लागून. "ताई, निमॅटोडच ना गं?" निमॅटोडच, म्हणजे मुळांत घुसणाऱ्या बारीक सूत्रकृमी. मी दादरला ज्युनियर कॉलेजात बायॉलॉजी शिकवते, त्यामुळे खानदानातली सगळी आजारी झाडं माझ्याच फोनवर येतात.

या गाठीवाल्या सूत्रकृमींचं मेलॉयडोगाइन असं बारसं झालं ते कॉफीच्या मुळांवर. 1887 साली एमिल गोल्डी यांनी ब्राझीलमधल्या मरणाऱ्या कॉफीच्या मुळांत त्या पाहिल्या आणि नाव ठेवलं मेलॉयडोगाइन एक्झिग्वा.

या सूत्रकृमीची अळी बिलंदर असते. मुळाच्या टोकाशी आत शिरते, वाट काढत रसवाहिन्यांपाशी पोचते आणि तिथल्या मोजक्या पेशींत लाळ सोडते. त्या पेशींतली केंद्रकं विभागत राहतात, पेशी मात्र विभागत नाही, नुसती फुगते. मग अळी जागची हलत नाही. झाडाचीच जनुकं तिच्या सोयीने चालू-बंद होतात आणि झाड तिला आयतं वाढत बसतं. वर्गात हे सांगताना मला दरवेळी झाडाचाच राग येतो.

काही कॉफीत मात्र मेक्स-1 नावाचं जनुक असतं. अळी तिथेही शिरते, पण तिच्या आसपासच्या पेशी स्वतःहून मरतात. हटून बसलेल्या गिऱ्हाइकाशी न भांडता खाणावळवाल्याने सरळ गॅस बंद करावा, तसं. अळी उपाशी राहते.

गंमत म्हणजे हे जनुक मूळचं रोबस्टाचं. कॉफीच्या दोन मुख्य जातींत अरेबिका ही भारी मानली जाते, रोबस्टा हलकी. अरेबिकाची गुणसूत्रं 44, रोबस्टाची 22, म्हणजे सोयरीक जमणं कठीणच. तरी तिमोर बेटावर दोघांचा आपोआप संकर झाला आणि त्या वंशातून मेक्स-1 ब्राझीलच्या इयापार 59 या अरेबिका वाणात उतरलं. माटुंग्याला कॉफी दळून घेताना शेजारचं कुणी "रोबस्टा अजिबात नको हं" म्हणालं, की मला हसू आवरत नाही.

अर्थात मेक्स-1चा धाक एक्झिग्वापुरताच. मेलॉयडोगाइन पॅरानाएन्सिस ही तिची बहीण त्याला जुमानत नाही. तिच्यासाठी ब्राझीलमध्ये अपोआता या रोबस्टाच्या खुंटावर अरेबिकाचं कलम बांधतात. आपल्या चिकमगळूर-कोडगू पट्ट्यात तर त्रास देणारी सूत्रकृमीच निराळी, प्रॅटिलेन्कस कॉफी. ती गाठी करत नाही, एका जागी बसतही नाही. मुळाच्या सालीत फिरत पेशी फस्त करत जाते. अरेबिकाला ती बेजार करते आणि तिथेही खुंट म्हणून रोबस्टाच आठवतो.