पावणं, साहेब आणि ‘ए म्हातारे’

मंगळवार, रात्री

शिवाजी विद्यापीठाच्या नावाचा विषय आज जेवताना पुन्हा निघाला. भावजींचं म्हणणं, नावात ‘छत्रपती’ नाही, ‘महाराज’ नाही, म्हणजे रोज हजारो तोंडांतून राजांचा एकेरी उल्लेख होतो. त्यांचा राग मनापासूनचा आहे. तरी मला ते पटत नाही. १९६२ साली विद्यापीठ सुरू झालं, तेव्हाही नावावर चर्चा झालीच होती. नाव लांबलचक ठेवलं तर लोक आद्याक्षरांवर येतील आणि शिवाजी हे नावच तोंडातून जाईल, असा विचार तेव्हा झाला, हे कोल्हापुरात जुनी माणसं सांगत आलीत. बडोद्यात महाराजा सयाजीराव विद्यापीठाचं एमएसयू झालंच. आपण महालक्ष्मी एक्स्प्रेसनं मुंबईला जातो तेव्हा कुठं उतरतो? सीएसएमटीला. २०१७ साली त्या नावात ‘महाराज’ आलं, आणि बोलण्यात आलं ते फक्त एक ‘एम’. असं आदरानं नाव पुसण्यापेक्षा ‘शिवाजी विद्यापीठ’ असं पोरंपोरी रोज पूर्ण म्हणतात, ते मला मोठं वाटतं.

अंबाबाईला आपण ‘तू’ म्हणतो. गाऱ्हाणं घालताना तिला ‘अहो’ म्हणायचं कुणाच्या मनातही येत नाही. कॉम्रेड गोविंद पानसरे यांच्या ‘शिवाजी कोण होता?’ या पुस्तिकेच्या नावावरही लोक चिडतात. पण आत उघडून बघावं. रयतेचा राजा म्हणजे काय, हे तितक्या साध्या भाषेत सांगणारं दुसरं काही माझ्या वाचनात नाही. रयतेच्या भाजीच्या देठालाही हात लावायचा नाही, अशी आपल्याच सैन्याला ताकीद देणारा राजा. त्याला माणसं जीव लावून ‘शिवबा’ म्हणाली, तर त्यात कमीपणा कुठला?

पण आजच्या पुढाऱ्यांचं तसं नाही. तिथं ‘अरे’ बहुतेक वेळा टोचायलाच वापरतात. आपल्या जिल्ह्यात सतेज पाटलांना बंटी आणि धनंजय महाडिकांना मुन्ना म्हणतात, ही घरातली लाडाची नावं. कार्यकर्ता ‘बंटीसाहेब’ म्हणतो, ‘मुन्नासाहेब’ म्हणतो, तेव्हा त्यात आपलेपणा असतो. तेच नाव विरोधकाच्या स्टेजवरून नुसतं फेकलं की त्याचा दगड होतो. मग ‘हिंमत असेल तर बिंदू चौकात ये’ सुरू होतं. बिंदू चौकात महात्मा फुल्यांचा आणि बाबासाहेबांचा पुतळा आहे. भाई माधवराव बागलांनी तो १९५० साली, बाबासाहेब हयात असताना उभारला. त्याच्या आदल्याच वर्षी बाबासाहेबांनी संविधान सभेत बजावलं होतं, राजकारणातली भक्ती अधोगतीकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते. म्हणजे भक्ती नको, हे खरं. पण भक्ती नको म्हणून अरेतुरे करा, असं काही ते म्हणाले नव्हते. मत न पटलेल्या माणसालाही मी ‘अहो’ म्हणते. ज्या खुर्चीवर आपण सगळ्यांनी मिळून त्याला बसवलं, तिचा तो मान आहे.

पेपर वाचताना एक गोष्ट मला फार दिवस खुपते आहे. पुढाऱ्यावर कोट्यवधींच्या घोटाळ्याचा गुन्हा असला तरी बातमीत ‘त्यांना अटक करण्यात आली’. त्याच पानावर खाली मोबाईल चोरल्याचा संशय असलेलं वीस वर्षांचं पोरगं, आणि ‘त्याला पकडले’. कोर्टाच्या लेखी दोघंही अजून आरोपीच. पुढाऱ्याचं ‘त्यांना’ काढून घ्या, असं मी म्हणत नाही. त्या पोरालाही द्या. शाई काय जास्त लागणार आहे?

गेल्या आठवड्यात शेजारच्या मावशींबरोबर एका पुढाऱ्याच्या संपर्क कार्यालयात गेले होते. त्यांच्या लेकाच्या डायलिसिससाठी मदतीचं पत्र हवं होतं. दारातल्या फ्लेक्सवर आदरणीय, कार्यसम्राट, लोकनेते, सगळं ओळीनं. मावशींनी पदर डोक्यावर घेतला, कागदांची पिशवी छातीशी धरली आणि टेबलाजवळ गेल्या. नातवाच्या वयाचा पोरगा बसलेला. त्याला मावशी म्हणाल्या, ‘‘सायेब, एवढं बघता का?’’ मान वर न करता तो म्हणाला, ‘‘ए म्हातारे, लाईनीत थांब की.’’ मागून पुढारी आले, सगळे उठले. मावशीही उठल्या, गुडघ्यावर हात टेकून. ‘‘काय गं, काय काम हाय?’’ असं त्यांनी विचारलं. पत्र दिलं, लगेच दिलं, हॉस्पिटलला स्वतः फोनही केला. हे मला लिहिलंच पाहिजे, कारण काम झालं. पण त्या ‘काय गं’नं माझ्या पोटात कालवलं. रिक्षात मावशी मला म्हणाल्या, ‘‘काम झालं न्हवं? मग तू कशाला मनाला लावून घेतीस?’’

मी मनाला लावून घेते. आपल्याकडे अनोळखी माणूस पारावर येऊन टेकला तरी त्याला ‘काय पावनं, कुठलं?’ असं विचारतात. नाव, गाव, जात काही माहीत नसताना मान आधी देतात. इतकी चांगली रीत ज्या मातीत आहे, तिथं मतं मागायला येताना ‘मावशी’, ‘काकी’ म्हणणारी माणसं ऑफिसात बसल्यावर ‘ए म्हातारे’ कशी म्हणतात? संविधानाच्या अनुच्छेद १८ नं किताब बंद केले. २०१२ साली प्रणव मुखर्जींनी राष्ट्रपतींच्या नावामागचं ‘महामहिम’ही सोडलं. आणि इथं वॉर्डातल्या पदाधिकाऱ्याला ‘साहेब’ म्हटलं नाही तर कागद पुढं सरकत नाही. ज्याला मान हवा त्यानं मावशींना ‘बसा’ म्हणावं. तेवढं केलं तर मी दोनदा ‘साहेब’ म्हणेन, आनंदानं.

बायकांचं तर विचारूच नये. पुढारी पुरुष असला की आडनाव आणि पुढं ‘साहेब’. बाई असली की नुसतं नाव, नाहीतर ‘वहिनी’, म्हणजे कुणाची तरी बायको म्हणूनच ओळख. राज्यात स्थानिक संस्थांत बायकांना निम्म्या जागा आहेत. माझी चुलत वहिनी माहेरच्या गावात सरपंच आहे. पाण्याच्या टाकीचा प्रस्ताव तिनं स्वतः लिहिला, पंचायत समितीत हेलपाटे तिनं घातले, पाइपलाइनच्या खोदाईवर उन्हात तीच उभी राहिली. ग्रामसभेत मात्र माणसं तिच्या नवऱ्याकडं तोंड करून म्हणतात, ‘‘सरपंच, आमच्या गल्लीचं बघा.’’ आणि तिला म्हणतात, ‘‘वहिनी, हितं सही करा.’’ दादाही खुशाल मान डोलावतात.

घरी ती माझी वहिनीच राहणार. पण पुढच्या ग्रामसभेला मी मुद्दाम माहेरी जाणार आहे, आणि सगळ्या गावासमोर तिला ‘सरपंच’ अशी हाक मारून गटारीचा प्रश्न तिलाच विचारणार आहे. दादांना राग आला तर येऊ दे.