उलटं वाचणारे अण्णा

शाळेत असताना मला वाटायचं, सगळ्यांच्याच वडिलांना उलटं वाचता येतं. मी टेबलाशी बसून लिहायचो, अण्णा पलीकडच्या बाजूला हिशेबाची वही घेऊन. मधेच मान वर न करता म्हणायचे, "तिसऱ्या ओळीत वेलांटी चुकली." वही माझ्याकडे तोंड करून असायची, त्यांच्याकडे नाही.

अण्णांचा छापखाना होता. पायाने चालवायचं एक ट्रेडल मशीन, एकेक अक्षर जुळवून मजकूर उभा करणारे दोन जुळारी आणि तिसरे स्वतः अण्णा. मालक ते फक्त पावतीपुस्तकावर. एरवी शाईने बरबटलेले रूळ रॉकेलने पुसायचे तेच, गठ्ठे बांधायचे तेच आणि उधारी मागायला सायकलवरून जायचे तेही तेच. त्यातलं शेवटचं काम त्यांना कधीच जमलं नाही. आईचं याबद्दलचं मत इथे लिहिण्यासारखं नाही.

जुळारी डाव्या हातात स्टिक, म्हणजे ओळ जुळवायची छोटी चौकट धरतो, उजव्या हाताने एकेक खिळा, म्हणजे शिशाचं अक्षर उचलून तिच्यात उभा करतो. ओळ डावीकडून उजवीकडेच भरत जाते, पण अक्षरं दिसतात ती डोक्यावर उभी. ४० वर्षं हेच केल्यावर अण्णांना सुलटं काय नि उलटं काय, सारखंच. इंग्रजीचं २६ अक्षरांत भागतं. आमच्याकडे काना, मात्रा, रफार, अर्धी अक्षरं, जोडाक्षरं, शेकडो खण. अण्णा खणांच्या पेटीकडे बघायचेच नाहीत, हात आपोआप योग्य खणात जायचा. एखाद्या अक्षराचे खिळे संपले की ते ग्राहकालाच गळ घालायचे, "'कार्यक्रम' कशाला, 'सोहळा' म्हणा की! भारदस्त वाटतं." भारदस्तपणाचा काही संबंध नसायचा, 'र्य' संपलेला असायचा.

आमच्या शाळेच्या सहामाहीचे पेपर अण्णांकडेच छापायला यायचे. त्या आठवड्यात मला छापखान्याची पायरी चढायची बंदी. दोन्ही जुळाऱ्यांना दुसरं काम देऊन अण्णा रात्री एकटेच पेपर जुळवायचे, स्वतः मशीन मारायचे, प्रुफं जाळायचे आणि पहाटेपर्यंत खिळे सोडवून पुन्हा खणांत टाकायचे. सकाळी तिथे पेपरचा मागमूस नसायचा. नववीत मी धीर करून विचारलं, "बीजगणितात प्रमेय आहे का, एवढंच सांगा." ते नखांतली शाई काढत होते. म्हणाले, "मी अक्षरं जुळवतो, वाचत नाही." हे धादांत खोटं होतं. अण्णा रद्दीचा कागदसुद्धा वाचल्याशिवाय टाकत नसत.

त्यांनी स्वतःच्या हाताने जुळवलेल्या त्या पेपरात मी नापास झालो. प्रगतिपुस्तकावर सही करताना ते एवढंच म्हणाले, "शेरा लिहिताना 'परिश्रम'चा 'श्र' चुकलाय."

पुढे खिळ्यांशिवायची ऑफसेट छपाई आली, संगणकावर मजकूर जुळू लागला. जुळारी एकेक करून गेले. खिळे शेवटी शिशाच्या भावाने वजनावर विकले. अण्णा त्या दिवशी काटा नीट बघत उभे होते, बाकी काही नाही.

आजारपणात मी त्यांना मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांना काही सांगायचं नाही, असं आमचं आधीच ठरलं होतं. डॉक्टरांनी फाइल स्वतःसमोर उघडली, दोन पानं उलटली, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि हवापाण्याचं बोलले. अण्णा समोरच्या खुर्चीत गप्प. मला हायसं वाटलं.

जिना उतरताना त्यांनी माझा खांदा धरला होता. मधल्या पायरीवर थांबले.

"माझं वय ४७ टाकलंय त्यांनी. ७४ चे आकडे उलटे बसलेत. सांग त्यांना."

"सांगतो."

"बाकी मजकूर बरोबर आहे," अण्णा म्हणाले, आणि पुढची पायरी उतरले.